कुलवृत्तांत आणि कर्करोग : आनुवंशिक स्तन व अंडाशय कर्करोगाच्या प्रश्नाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

काही घराण्यांत स्तनाचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या आढळतो, हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी आणि त्या घराण्याच्या वैद्यांनी फार पूर्वीपासून पाहिलेले होते. परंतु जे डोळ्यांना दिसते ते आनुवंशिकतेमुळेच घडते, हे सिद्ध करावयाचे म्हटल्याबरोबर अडचणी उभ्या राहत. हा रोग मुळातच इतका सार्वत्रिक आहे, की एखाद्या मोठ्या कुटुंबात दोन-तीन स्त्रियांना तो निव्वळ योगायोगानेही व्हावा; आणि एका छपराखाली वाढलेल्या बहिणींचे रक्त जसे एक, तसे त्यांचे अन्न आणि राहणीही पुष्कळ अंशी एकच, तेव्हा यांपैकी कारण कोणते मानावे आणि सहचर कोणता, याचा निवाडा नुसत्या निरीक्षणाने होण्यासारखा नव्हता.

आज या वादातील मूळ मुद्दा निकालात निघाला आहे. स्तनाच्या कर्करोगांपैकी शेकडा पाच ते दहा आणि अंडाशयाच्या कर्करोगांपैकी शेकडा पंधराच्या आसपास वा त्याहून काहीसे अधिक रोग एखाद्या प्रबळ आनुवंशिक दोषातून उद्भवतात, याविषयी आता गंभीर मतभेद उरलेला नाही. हा वाटा एकंदरीत लहान असला, तरी ज्या व्यक्तीच्या वाट्याला तो दोष येतो तिच्यापुरता धोका फार मोठा असतो, आणि विशेष म्हणजे रोगाचा मागमूसही नसताना तो रक्ताच्या एका तपासणीने कळू शकतो. निरोगी माणसाला त्याच्या भावी रोगाची वर्दी देण्याचे हे सामर्थ्य हाती आल्यावर, ती वर्दी कोणाला द्यावी, कोणत्या वयात द्यावी, तिचा अर्थ किती खात्रीने सांगता येतो आणि तिच्यावर मालकी कोणाची, असे अनेक प्रश्न ओघानेच पुढे आले. या सर्वांच्या मुळाशी एक सूत्र दिसते: ज्या कुलवृत्तांताच्या आधाराने हा आनुवंशिक दोष सापडला, तोच कुलवृत्तांत तो दोष बाळगणाऱ्या व्यक्ती हुडकून काढण्यास पुरेसा आहे काय, याविषयीच आज विद्वानांत दुमत आहे. प्रस्तुत लेखात या वादाची पूर्वपीठिका, त्यातील प्रमुख पक्ष आणि अनिर्णित राहिलेल्या बाबी क्रमाने मांडण्याचा प्रयत्न आहे.

पूर्वपीठिका

मेंदूतील वाणीच्या केंद्राचा शोध लावणारे फ्रेंच शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी १८६६ साली अर्बुदांवरील आपल्या ग्रंथात स्वतःच्या पत्नीच्या घराण्याची हकीकत नमूद केली. त्या घराण्यात अनेक पिढ्या स्त्रिया स्तनाच्या कर्करोगाने मरण पावत आल्या होत्या. त्या काळी मेंडेलचे नियम नुकतेच छापले गेले होते आणि ते कोणी वाचलेलेही नव्हते. त्यामुळे ब्रोका यांची नोंद पुरावा म्हणून नव्हे, तर एक चमत्कारिक कैफियत म्हणून दीर्घकाळ पडून राहिली. विसाव्या शतकात अमेरिकेतील नेब्रास्का प्रांताच्या ओमाहा शहरी हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांच्या वंशावळी चिकाटीने जमविल्या, आणि १९७०च्या सुमारास असे दाखवून दिले की काही घराण्यांत स्तनाचा व अंडाशयाचा असे दोन्ही कर्करोग एकत्र वावरतात. दोन वेगळ्या इंद्रियांचे रोग एकाच वंशसूत्राने बांधलेले असावेत, ही कल्पना तेव्हाच्या वैद्यकाला सहजासहजी पचण्यासारखी नव्हती.

याचे कारण असे, की त्या काळी स्तनकर्करोगाच्या उपपत्तीवर विषाणूचा पगडा होता. उंदरांमध्ये हा रोग आईच्या दुधावाटे पिलांत जातो आणि त्यामागे एक विषाणू आहे, हे १९३०नंतरच्या संशोधनाने सिद्ध झाले होते. तेव्हा माणसातही तसेच असावे, असा तर्क स्वाभाविक होता. या पर्वाशी मुंबईचा निकटचा संबंध आहे. टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी भारतातील भिन्न समाजांच्या चालीरीती आणि त्यांच्यात आढळणारे कर्करोग यांचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांच्या विशिष्ट वाणांवर प्रयोग करून आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू या तिहींचा स्तनकर्करोगाशी असलेला संबंध तपासला. मुंबईच्या पारशी स्त्रियांत हा रोग इतर समाजांच्या मानाने अधिक आढळतो, ही गोष्टही या काळात जगाच्या नजरेस आली, आणि १९७१च्या सुमारास त्यांच्या दुधात विषाणूसारखे कण दिसल्याचे प्रसिद्ध झाल्यावर तिची बरीच चर्चा झाली. मानवी रोगाला असा विषाणू कारण आहे, हे पुढे सिद्ध होऊ शकले नाही. परंतु अमुक समाजात हा रोग अधिक का, हा मुंबईने विचारलेला प्रश्न मात्र कायम राहिला.

मेरी-क्लेअर किंग यांचे कार्य

या पार्श्वभूमीवर मेरी-क्लेअर किंग यांनी १९७०नंतरच्या दशकात या विषयात प्रवेश केला. त्यांचे मूळ शिक्षण गणिताचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत ॲलन विल्सन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मनुष्य आणि चिंपांझी यांच्या प्रथिनांची तुलना करून या दोन जातींत जनुकीय अंतर अत्यल्प आहे असे दाखविले होते, आणि १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधाने त्यांचे नाव उत्क्रांतिशास्त्रात स्थिर झाले होते. कर्करोगाकडे त्या वळल्या त्या वैद्य म्हणून नव्हे तर गणिती म्हणून, आणि त्यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य याच गोष्टीत आहे. रोगाचे कारण आधी कल्पून त्याचा पाठपुरावा करण्याऐवजी त्यांनी निराळाच प्रश्न विचारला: स्त्रियांच्या कुटुंबांत हा रोग ज्या रीतीने विखुरलेला दिसतो, ती रीत योगायोगाने, परिस्थितीने की एकाच प्रबळ जनुकाने सर्वांत चांगली उलगडते?

वयाच्या पंचावन्न वर्षांपूर्वी हा रोग झालेल्या स्त्रियांच्या १,५७९ कुटुंबांचे विश्लेषण करून किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली आपला निष्कर्ष जाहीर केला. बहुसंख्य कुटुंबांतील रोग आनुवंशिक नव्हता. परंतु शेकडा चार कुटुंबांतील रोगाची मांडणी मेंडेलच्या नियमाप्रमाणे चालणाऱ्या एका प्रबळ जनुकाने पूर्णपणे उलगडत होती, आणि असे जनुक बाळगणाऱ्या स्त्रीला जन्मभरात रोग होण्याची शक्यता शेकडा ८२, तर न बाळगणाऱ्या स्त्रीला शेकडा ८, असा त्यांचा हिशेब होता. या वेळपर्यंत ते जनुक कोणी पाहिलेले नव्हते. केवळ वंशावळींच्या आकडेमोडीतून त्याचे अस्तित्व अनुमानिले गेले होते.

अनुमानाकडून प्रत्यक्षाकडे जाण्याचा मार्ग म्हणजे गुणसूत्रांवरील खुणांचा रोगाशी संबंध जुळतो काय, हे घराणोघराणी तपासणे. किंग यांच्या प्रयोगशाळेने २३ घराण्यांतील १४६ रुग्ण स्त्रियांच्या आधारे हे काम चालविले. सर्व घराणी एकत्र घेतली असता संबंध अस्पष्ट राही, पण ज्या घराण्यांत रोग लहान वयात होत होता ती वेगळी काढताच सतराव्या गुणसूत्राच्या लांब बाहूवरील एका भागाशी त्याचे नाते स्पष्टपणे उभे राहिले. ऑक्टोबर १९९०मध्ये सिनसिनाटी येथील मानवी आनुवंशिकीच्या परिषदेत हा निष्कर्ष मांडला गेला, आणि डिसेंबरमध्ये तो 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर लवकरच फ्रान्सचे जिल्बेर लनुआर यांनी लिंच यांच्या संग्रहातील घराणी तपासून, ज्या घराण्यांत स्तन आणि अंडाशय या दोहोंचे कर्करोग आहेत त्यांतही हाच भाग कारणीभूत असल्याची पुष्टी दिली. ज्या दोन वाटा वर्षानुवर्षे निराळ्या चालत होत्या, त्या येथे एकत्र आल्या. एका जटिल आणि सामान्य रोगामागे एकच जनुक असू शकते, हे येथे प्रथमच निर्विवादपणे सिद्ध झाले, आणि मधुमेह, मनोविकार आदी अन्य व्याधींच्या संशोधनालाही त्यामुळे धीर आला.

जनुकाची प्राप्ती आणि मालकीचा तंटा

जनुकाचा प्रदेश ठाऊक झाल्यावर प्रत्यक्ष जनुक हाती घेण्याची चढाओढ चार वर्षे चालली. तीत यश आले ते युटा राज्यातील मार्क स्कॉलनिक यांच्या गटाला. मॉर्मन पंथाने जपलेल्या विस्तृत वंशावळींचे दफ्तर त्यांच्या मदतीला होते, आणि त्यांनी स्थापिलेल्या मिरियड या कंपनीचे भांडवलही. १९९४ साली बीआरसीए-१ हे जनुक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी तेराव्या गुणसूत्रावर दुसऱ्या जनुकाचे स्थान निश्चित झाले होते, आणि १९९५च्या अखेरीस इंग्लंडमधील मायकेल स्ट्रॅटन यांच्या गटाने बीआरसीए-२ हस्तगत केले. ही दोन्ही जनुके पेशीतील डीएनएच्या दोन्ही धाग्यांना पडलेली फट बिनचूक सांधण्याच्या कामी येतात. एका पालकाकडून सदोष प्रत आली तरी दुसऱ्या पालकाकडील प्रत काम निभावून नेते. पुढे एखाद्या पेशीत तीही निकामी झाली म्हणजे दुरुस्ती थांबते, चुका साचत जातात आणि त्यांतून कर्करोग उद्भवतो.

शोधाबरोबर मालकीचा प्रश्नही आला. मिरियडने या जनुकांवर एकस्व मिळवून अमेरिकेत त्यांच्या तपासणीचा जणू इजाराच घेतला. तपासणीचे मूल्य तीन हजार डॉलरच्या घरात गेले आणि इतर प्रयोगशाळांना ती करण्यास मज्जाव झाला. कंपनीच्या बाजूने असे प्रतिपादन होते की इतक्या खर्चाचे संशोधन खासगी भांडवलाने करावयाचे, तर त्याला काही मुदतीपुरते संरक्षण हवेच. विरोधकांचे म्हणणे असे, की मनुष्याच्या शरीरात जे निसर्गतः आहे ते केवळ वेगळे काढून दाखविल्याने कोणाच्या मालकीचे होत नाही. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असा निर्णय दिला, की नैसर्गिक डीएनए एकस्वास पात्र नाही, मात्र प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार केलेली पूरक प्रत पात्र असू शकते. भारताच्या १९७०च्या एकस्व कायद्यात निसर्गात आढळणाऱ्या पदार्थाच्या नुसत्या शोधास एकस्व देऊ नये, अशी तरतूद अगोदरपासून आहे. न्यायालयीन वाद अशा रीतीने मिटला. तथापि एकाधिकाराच्या काळात कंपनीपाशी जमलेल्या उत्परिवर्तनांच्या माहितीचा साठा सार्वजनिक व्हावा की नाही, हा वाद काही अंशी पुढेही चालू राहिला.

धोका नेमका किती?

जनुकात दोष आहे असे सांगितल्यावर स्त्री पहिला प्रश्न विचारते तो हाच, आणि येथेच तज्ज्ञांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आरंभीचे अंदाज ज्या घराण्यांत रोग भरपूर होता त्यांवरून काढलेले असल्यामुळे ते शेकडा ८५पर्यंत गेले. १९९७ साली वॉशिंग्टन शहरात अश्केनाझी ज्यू समाजातील पाच हजारांहून अधिक स्वयंसेवकांची तपासणी झाली, तेव्हा सत्तरीपर्यंतचा धोका शेकडा ५६ एवढाच निघाला. या समाजात तीन विशिष्ट उत्परिवर्तने प्राचीन काळापासून चालत आलेली असून साधारणतः चाळिसांत एक व्यक्ती त्यांपैकी एखादे बाळगते, म्हणून असा अभ्यास तेथे सुकर होतो.

२००३ साली किंग यांनी याच समाजातील स्तनकर्करोग झालेल्या १,००८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत १०४ स्त्रिया सदोष जनुकाच्या वाहक निघाल्या. त्यांच्या नात्यातील वाहक स्त्रियांचा हिशेब धरता ऐंशीपर्यंतचा स्तनकर्करोगाचा धोका शेकडा ८२, आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका बीआरसीए-१मध्ये शेकडा ५४ व बीआरसीए-२मध्ये शेकडा २३ असा आला. पंधरा वर्षांपूर्वी निव्वळ वंशावळींवरून काढलेला आकडाच प्रत्यक्ष तपासणीतून पुन्हा निघावा, ही गोष्ट लक्षणीय आहे. शिवाय १९४०नंतर जन्मलेल्या वाहक स्त्रियांत पन्नाशीपर्यंतचा धोका त्यापूर्वी जन्मलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक आढळला. जनुक तेच असता काळ बदलल्याने रोगाचे वय बदलते, याचा अर्थ राहणीमान, व्यायाम, ऋतुप्राप्तीचे वय इत्यादी गोष्टींना आनुवंशिक रोगातही स्थान आहे, असे किंग यांनी सुचविले.

दुसऱ्या बाजूस, अनेक देशांतील सुमारे दहा हजार वाहक स्त्रियांचा पाठपुरावा करून २०१७ साली आलेल्या अभ्यासाने ऐंशीपर्यंतचा स्तनकर्करोगाचा धोका दोन्ही जनुकांत शेकडा सत्तरच्या आसपास, आणि अंडाशयाचा अनुक्रमे ४४ व १७ असा ठरविला. ब्रिटनमधील मोठ्या नागरिक-संग्रहावर आधारलेल्या २०२३च्या विश्लेषणाने तर, ज्यांच्या निकटच्या नात्यात रोग नाही अशा बीआरसीए-१ वाहकांचा साठीपर्यंतचा धोका शेकडा २३च्या सुमारास आणि नात्यात रोग असलेल्यांचा शेकडा ४५च्या सुमारास असल्याचे दाखविले. या संग्रहात सामील होणारे लोक सर्वसामान्यांपेक्षा अधिक निरोगी असतात, हा आक्षेप त्यावर घेतला जातो. उलट घराण्यांवरून काढलेले आकडे अन्य जनुकांच्या साहाय्यक प्रभावामुळे फुगलेले असतात, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. आणि म्हणून सरासरी धोका आणि समोर बसलेल्या एका स्त्रीचा धोका यांतील अंतर अद्याप पुरते मिटलेले नाही.

तपासणी कोणाची करावी?

प्रचलित पद्धत अशी, की ज्यांच्या कुटुंबात रोगाचा इतिहास आहे त्यांनाच तपासणीचा सल्ला द्यावयाचा. किंग यांच्या २००३च्या अभ्यासात मात्र वाहक ठरलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांच्या घराण्यात असा इतिहास दिसत नव्हता. कारण गूढ नव्हते: कुटुंबे लहान होती, किंवा दोष पित्याकडून आला होता. सदोष जनुक मुलीला जितके आईकडून तितकेच वडिलांकडून मिळते. वडिलांना बहिणी नसतील तर ते दोन पिढ्या निमूटपणे वाहत जाते आणि नातीत प्रकटते. कुलवृत्तांताची चाळणी अशा वेळी निम्मे दाणे खाली सोडते.

हे ध्यानी घेऊन किंग यांनी जेरुसलेम येथील एफ्रात लेव्ही-लहाद यांच्यासह उलट दिशेने प्रयोग केला. आठ हजारांहून अधिक निरोगी अश्केनाझी पुरुषांची तपासणी करून जे वाहक निघाले, त्यांच्या घरातील वाहक स्त्रियांचा धोका मोजला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार, रोगाच्या इतिहासावरून न निवडलेल्या या घराण्यांतही धोका जुन्या अंदाजांइतकाच मोठा होता. त्याच वर्षी लास्कर पारितोषिक स्वीकारताना किंग यांनी असा प्रस्ताव मांडला, की तिशीच्या सुमारास प्रत्येक स्त्रीस, कुलवृत्तांत कसाही असो, ही तपासणी नेहमीच्या वैद्यकीय सेवेचा भाग म्हणून उपलब्ध व्हावी. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: एखादी स्त्री वाहक आहे हे तिला रोग झाल्यावर कळणे, हे प्रतिबंधाच्या दृष्टीने अपयशच होय.

विरुद्ध पक्षाचे मुद्दे दुर्लक्षणीय नाहीत. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१९ साली कुलवृत्तांत नसलेल्या स्त्रियांच्या सरसकट तपासणीविरुद्ध शिफारस केली. विशिष्ट उत्परिवर्तने नसलेल्या समाजात वाहकांचे प्रमाण तीनशे-चारशेत एक इतके विरळ असते. खर्चाचा हिशेब तेथे वेगळा पडतो. सल्लागार कमी, अस्पष्ट निकाल पुष्कळ, आणि निष्कारण शस्त्रक्रियेची भीती, हेही आक्षेप आहेत. लंडनमध्ये रणजित मनचंदा आणि इयन जेकब्ज यांनी ज्यू समाजात केलेल्या तुलनात्मक चाचणीत सर्वांची तपासणी केल्याने मानसिक त्रास वाढला नाही आणि वाहक अधिक सापडले; इस्राएलने २०२०पासून अश्केनाझी स्त्रियांना ही तपासणी खुली केली. तेव्हा विशिष्ट समाजापुरता किंग यांचा पक्ष बळकट झाला आहे, हे मान्य करावे लागते. साऱ्या लोकसंख्येपुरता तो अजून सिद्ध व्हावयाचा आहे, हेही तितकेच खरे.

अर्थ न लागलेले बदल

या जनुकांत हजारो निरनिराळे बदल आढळतात, आणि त्यांपैकी पुष्कळांविषयी ते घातक की निरुपद्रवी हे सांगता येत नाही. असा निकाल हाती आलेली स्त्री धड आश्वस्तही होत नाही आणि धड सावधही. किंग यांचे मत असे, की लोकसंख्येच्या तपासणीत ज्या बदलांचा परिणाम निःसंशय आहे तेवढेच कळवावे, संदिग्ध बदल कळवूच नयेत. इतरांना हे लपवाछपवीसारखे वाटते. निकालावर रुग्णाचा हक्क आहे, आणि आजचा संदिग्ध बदल उद्या घातक ठरला तर तो न कळविल्याची जबाबदारी कोणाची, असे ते विचारतात. प्रयोगशाळेत एकेक बदल मुद्दाम घडवून त्याचा परिणाम पाहण्याची पद्धत यावर तोडगा ठरू शकेल; २०१८ साली सिॲटल येथील संशोधकांनी बीआरसीए-१च्या महत्त्वाच्या भागांतील सुमारे चार हजार बदलांचा अशा रीतीने निवाडा केला.

प्रतिबंध आणि उपचार

वर्दी मिळाल्यावर करावयाचे काय, याचे उत्तर स्तन आणि अंडाशय यांसाठी सारखे नाही. स्तनाच्या बाबतीत नियमित एमआरआय आणि मॅमोग्राफी करून रोग लवकर पकडणे, किंवा दोन्ही स्तन आधीच काढून टाकणे, असे दोन मार्ग आहेत; दुसऱ्याने रोगाची शक्यता शेकडा नव्वदच्या आसपास घटते, परंतु कडक देखरेखीच्या तुलनेत त्याने आयुष्य किती वाढते, याविषयी मतैक्य नाही. २०१३ साली अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी आपण हा मार्ग पत्करल्याचे जाहीर केल्यावर जगभर तपासणीची मागणी वाढली.

अंडाशयाच्या कर्करोगासाठी मात्र देखरेखीचा मार्ग विश्वासार्ह नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत नियमित तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत, हे २०२१ साली निश्चित झाले. म्हणून अपत्ये झाल्यावर बीआरसीए-१ वाहकांनी ३५ ते ४०, आणि बीआरसीए-२ वाहकांनी ४० ते ४५ या वयात अंडाशय व अंडवाहिन्या काढून घ्याव्या, असा सल्ला दिला जातो. या शस्त्रक्रियेत काढलेल्या इंद्रियांच्या अभ्यासातूनच, अंडाशयाचा म्हणून ओळखला जाणारा कर्करोग पुष्कळदा अंडवाहिनीच्या टोकाशी सुरू होतो, हे ध्यानात आले. अकाली रजोनिवृत्तीचे हृदयावर आणि हाडांवर होणारे परिणाम टाळण्यासाठी आधी अंडवाहिन्या आणि कालांतराने अंडाशय काढणे पुरेसे होईल काय, याच्या चाचण्या चालू आहेत.

उपचारांत मोठा बदल घडला तो २००५नंतर. ज्या पेशींची दुरुस्तीची एक यंत्रणा आधीच मोडलेली आहे, त्यांची दुसरीही अडविली तर त्या पेशी मरतात आणि निरोगी पेशी बहुतांशी वाचतात, हे तत्त्व सिद्ध झाले. त्यावर आधारलेले ओलापॅरिब हे औषध २०१४ साली अमेरिकेत मान्य झाले. त्यामुळे तपासणीचे प्रयोजन पालटले: ती आता नातेवाइकांच्या भवितव्यापुरती न राहता रुग्णाच्या औषधाची निवडही ठरविते.

भारतातील स्थिती

भारतीय स्त्रियांत आज स्तनाचा कर्करोग हाच सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग असून २०२२ साली त्याचे १ लाख ९० हजारांहून अधिक नवे रुग्ण असल्याचा जागतिक अंदाज आहे. येथे रोगाचे सरासरी वय पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी आहे. यामागे जनुके किती आणि आपली लोकसंख्याच तरुण असल्याचा परिणाम किती, हे नीट वेगळे करावे लागते. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने, विशेषतः खारघर येथील आपल्या संशोधन संस्थेत, आनुवंशिक कर्करोगाचे चिकित्सालय चालवून या क्षेत्रात पायाभूत काम केले आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातील १,०१० निवडक रुग्णांपैकी सुमारे शेकडा तीस जणांत घातक उत्परिवर्तन आढळले. हे रुग्ण संशयावरूनच निवडलेले होते, म्हणून तो आकडा सर्व रुग्णांना लागू करणे चूक ठरेल. अश्केनाझी समाजात प्रसिद्ध असलेल्या तीन उत्परिवर्तनांपैकी एक भारतीय रुग्णांतही सापडते, आणि ते येथे स्वतंत्रपणे उद्भवले असावे असे दर्शविणारा पुरावा आहे. पारशी समाजातील अधिक प्रमाण जनुकांमुळे, की उशिरा विवाह आणि अल्प अपत्ये यांमुळे, हा खानोलकरांच्या काळापासूनचा प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही.

आपल्याकडे अडचण विज्ञानाइतकीच कुलवृत्तांताची आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या असोत की वतनाच्या तंट्यांत सादर झालेल्या वंशावळी, त्यांत बहुधा पुरुषांचीच नावे आढळतात. आणि आजही रुग्णालयात 'आत्या कशाने वारली' असे विचारले असता पुष्कळदा 'पोटाच्या आजाराने' एवढेच उत्तर मिळते. माहेरचा रोग सासरी कळू नये, मुलीचे स्थळ मोडू नये, या भीतीने माहिती दडविली जाते, आणि ती भीती निराधार नाही. विम्याबाबतही निश्चिती नाही: अमेरिकेत २००८च्या कायद्याने जनुकांवरून आरोग्यविमा नाकारण्यास बंदी आहे, जीवनविम्याला मात्र ती लागू नाही, भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली केवळ आनुवंशिक प्रवृत्तीवरून आरोग्यविमा नाकारणे भेदभावाचे ठरविले, तथापि स्वतंत्र कायदा झालेला नाही.

शिल्लक प्रश्न

एकंदर आढावा घेता असे म्हणता येते, की रोग आनुवंशिक असतो काय, या प्रश्नाचे उत्तर किंग यांच्या पिढीने दिले. धोका किती, याचे उत्तर समाजाच्या सरासरीपुरते मिळाले आहे, व्यक्तीपुरते नाही. पीएएलबी-२सारखी पुढे सापडलेली जनुके आणि शेकडो लहान बदलांचा एकत्रित परिणाम मोजणारी गुणपद्धती यांनी तो अंदाज सूक्ष्म होऊ लागला आहे; परंतु या गुणपद्धती बहुतांशी युरोपीय वंशाच्या स्त्रियांच्या माहितीवर उभारलेल्या असल्यामुळे भारतीय स्त्रीला त्या जशाच्या तशा लावता येत नाहीत.

सर्व स्त्रियांची तपासणी करावी की निवडक स्त्रियांची, हा वाद तत्त्वाचा वाटतो, पण पुष्कळ अंशी तो व्यवस्थेचा आहे: तपासणी स्वस्त झाली, निकाल समजावून सांगणारी माणसे उपलब्ध झाली आणि निकालानंतरची देखरेख व शस्त्रक्रिया परवडण्याजोगी झाली, तर किंग यांचा पक्ष आपोआप पुढे सरकेल, यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर नुसती वर्दी देऊन स्त्रीला वाऱ्यावर सोडल्यासारखे होईल. ज्या देशात अंडाशयाचा वा स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीलाही ही तपासणी सर्रास मिळत नाही, तेथे निरोगी स्त्रियांच्या आधी रुग्ण स्त्रियांची आणि त्यांच्यामागोमाग त्यांच्या भावंडांची व मुलामुलींची पाळी येणे क्रमप्राप्त आहे. हा क्रम उभय पक्षांना मान्य होण्यासारखा आहे. आणि तो अमलात येऊन भारतीय घराण्यांची माहिती, पित्याकडील आणि आईकडील दोन्ही शाखांची, विश्वासाने व गोपनीयतेने नोंदली गेली, म्हणजे वादातील पुढचा प्रश्न निदान आपल्या स्वतःच्या आकड्यांवर चर्चिता येईल.